'ती फुलराणी' : उच्चार, आडनाव आणि पैसा

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९१३ मध्ये रंगभूमीवर आले; पु. ल. देशपांडे यांनी केलेले त्याचे रूपांतर 'ती फुलराणी' १९७५ मध्ये. मराठी प्रेक्षकांनी ते आपलेच मानले. रूपांतरकाराच्या भाषाप्रभुत्वाविषयी येथे निराळे सांगावयास नको. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. उच्चार सुधारले की वरच्या वर्गात प्रवेश मिळतो, हे मूळ नाटकाचे गृहीत मराठी भूमीत कितपत टिकते?

शॉच्या इंग्लंडात ते बव्हंशी खरे होते. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने प्राथमिक शिक्षण पसरले, पण सभ्य गणला जाणारा उच्चार खर्चिक निवासी शाळांतच घडत असे. तो बोलणाऱ्याचे गाव सांगत नसे, केवळ दर्जा सांगे. म्हणूनच स्वर बदलले की खालच्या दर्जाची खूण पुसली जाई. नाटकाच्या विस्तारित संहितेत एलायझाचे इंग्रजी इतके निर्दोष ठरते की ती परदेशी राजकन्याच असली पाहिजे, असा निर्वाळा एक भाषापंडित देतो. तिचे कुळ तिच्या तोंडावरूनच ठरते.

आपल्याकडे दर्जा केवळ उच्चारात राहत नाही. तो आडनावातही राहतो. या नाटकातील प्राध्यापकाचेच आडनाव पाहावे : जहागीरदार. जहागिरी गेली, आडनाव उरले. देशमुख, कुलकर्णी आणि खुद्द रूपांतरकाराचे देशपांडे, ही सारी एकेकाळची वतने वा हुद्देच होत. मंजुळेने 'ण' कितीही घोटला तरी पुढचा प्रश्न चुकत नाही : "आपण कुठल्या? आडनाव काय?" हा प्रश्न नाटकात जितका बोचावयास हवा तितका बोचत नाही. मला या रूपांतराचे हेच मोठे उणे वाटते.

एलायझाचा बाप डूलिटल दुसऱ्या वाटेने वर चढतो. कचरा उचलणाऱ्या या माणसाला एका अमेरिकन धनिकाच्या मृत्युपत्रामुळे वर्षाला तीन हजार पौंडांची प्राप्ती होते. बोली मात्र तसूभरही बदलत नाही. पनवेलकरांना हे चित्र अगदीच अपरिचित वाटू नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जण गोळीबारात मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या योजनेने काही घरांत पैसा आला. तुलना येथे थांबवणे भाग आहे, कारण डूलिटलचा पैसा आयता होता. इकडचा भातखाचरे देऊन आला. तथापि बोलीपुरते साम्य उरते. गावात बंगला उभा राहिला तरी आगरी मुलाचे 'पानी' वर्गात चूकच ठरते. (हाच शब्द हिंदीच्या तासाला शुद्ध असतो! याचा खुलासा अध्यापकाने काय करावा?)

पाचव्या अंकात एलायझा सांगते की आपण आपली भाषा विसरलो. जुना एक ध्वनीही आता काढता येणार नाही. इतक्यात लग्नाच्या पोशाखात नटलेला बाप समोर येतो आणि तिच्या तोंडून जुनाच चीत्कार बाहेर पडतो. हिगिन्सला हा आपल्या बाजूचा पुरावा वाटतो. येथील घरांत मात्र असा चीत्कार कोणी पुरावा म्हणून टिपून ठेवीत नाही. मूल शाळेत 'पाणी' म्हणते, उंबरठ्याच्या आत येऊन 'पानी' मागते, आणि आजी ते देते.