लादीपासून सुटलेली कड

बोरिवलीच्या एका बाईंनी पॉलिमर क्लेतून हाताने घडवलेली वडापावाची कानातली माझ्या संग्रहात आहेत. पाव जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आत वडा, वड्याखालून डोकावणारी लसणाची चटणी, शेजारी तळलेली मिरची. पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते. गंमत साच्यातून निघालेल्या बर्गरच्या कानातल्यांतही असते, पण ती एकदा हसून संपते. ही मात्र पुन्हापुन्हा हातात घ्यावीशी वाटतात. त्याचं कारण पावाच्या कडेला आहे.

आपला पाव लादीतून तोडलेला असतो. त्याची पाठ गुळगुळीत, खरपूस. पण शेजारच्या पावापासून सुटलेली बाजू पांढरी, मऊ, फाटलेली. बर्गरचा पाव सुटा भाजतात, म्हणून तो सगळीकडून रंगतो. या बाईंनी दोन बाजूंना तपकिरी रंग मुद्दाम अडवला आहे आणि तिथली क्ले सुईने उचकटून तिला रेषा आणल्या आहेत. पाठीवर खडूची भुकटी ब्रशने चढवली आहे: आधी पिवळसर, मग गेरूसारखी, अगदी माथ्यावर गडद. भट्टीत पावाला रंग याच क्रमाने चढतो. जन्मभर लादी तोडलेल्या हाताला हे सांगावं लागत नाही.

चटणीसाठी लाल क्ले आधी भाजून किसली आहे. तिचा रवाळपणा रंगाने साधला नसता. वडा तेलकट चकाकतो, पाव मात्र निस्तेज ठेवला आहे. इथेच बऱ्याच जणी चुकतात; सगळ्यावर सरसकट व्हार्निश फिरवतात आणि पदार्थाचं खेळणं होतं. आणि मिरची? ती प्रमाणापेक्षा चांगलीच मोठी आहे. मापात केली असती, तर लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावरून दिसलीच नसती. लहान करताना काय मोठं ठेवायचं हे कळणं, माझ्या मते, या कलेतला सर्वांत अवघड भाग.

हे काम निवांतपणे होतं ते पॉलिमर क्लेच्या स्वभावामुळे. नाव क्ले असलं तरी ती माती नव्हे. पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग यांचं ते मिश्रण. साधारण 110 ते 130 अंशांवर भाजेपर्यंत ती मऊ राहते. अंधेरीत मुख्य कचेरी असलेल्या पिडिलाइटचं मोल्डइट अनेकींनी हाताळलेलं असतं. त्याचे दोन भाग एकत्र मळले की ते आपोआप घट्ट होऊ लागतं, हाताला घाई करावी लागते. पॉलिमर क्ले थांबते, म्हणून कडेची एकेक रेषा सावकाश ओढता येते. फिमो या तिच्या प्रसिद्ध जर्मन प्रकाराचं मूळ बाहुल्या घडवणाऱ्या केटे क्रुझ यांच्या घरात आहे. त्यांच्या मुलीने ती आकाराला आणली आणि 1960च्या दशकात ती घरोघरी पोहोचली. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असं मानतात, तेही त्याच दशकात, 1966 साली.

याच बाईंचे उकडीचे मोदक मात्र मला तितके भावत नाहीत. कळ्या नेमक्या आहेत, बारीक आहेत, वर एकत्र आलेलं टोकही सुबक आहे. पण उकडीची पारी आतल्या सारणाची सावली दाखवते, ती इथे दिसत नाही. पांढऱ्या क्लेत अर्धपारदर्शक क्ले जास्त मिसळायला हवी होती. मोदकांत हात तयार दिसतो, वडापावात खाणाऱ्याची नजर दिसते.

अशी कानातली प्रदर्शनात दिसली तर आधी उलटी करून पाहा. या पावाचा तळही सपाट आणि तपकिरी आहे. घालणारीलाही तो कधी दिसणार नाही. असा तळ आढळला, तर सांगितलेली किंमत द्या, घासाघीस करू नका.