माळाची यादी, पाण्याची गर्दी

भीमा आणि नीरा यांच्या मधल्या पठारावरील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय मोजदाद महसुलाच्या कामाबरोबर झाली. लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांना मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीसाठी नेमले. जमीन, पिके, वस्ती यांची माहिती गोळा करता करता त्यांनी पशुपक्षीही टिपले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. तीत सुमारे २३६ जाती आहेत. इंदापूर-बारामतीच्या कोणत्याही ओढ्याकाठी मान आखडून बसणारी ढोकरी शास्त्राच्या दप्तरात आली ती साइक्समुळे. खडकाळ माळावर पायाखालून भुर्रकन उडणारा लावा आणि तुऱ्याचा एक तांबूस चंडोल यांचीही शास्त्रीय नावे त्यांनीच दिली. गावकऱ्यांना हे पक्षी ठाऊक होतेच. फासेपारध्यांना तर त्यांची घरटी, चाल आणि शीळ तोंडपाठ होती. पण ते ज्ञान कागदावर आले नाही आणि जे आले ते इंग्रजीत आले. साइक्सच्या यादीत कोणता पक्षी आहे ते कळते. किती आहेत आणि काय करतात ते फारसे कळत नाही. तरीही तिचा एक गुण नंतरच्या पुष्कळ कामात हरवला: ओसाड माळ हा मोजण्याजोगा प्रदेश आहे, असे ती गृहीत धरते.

पुढची पन्नास वर्षे संग्राहकांची होती. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी आणि रेल्वेतील वेंडन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. बंदूक, कातडे आणि चिठ्ठी ही त्या काळची साधने. ह्यूम यांच्या पुस्तकाची हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली गेली, त्यांचे मन विटले, आणि १८८५ मध्ये सुमारे ८०,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला. म्हणजे या देशातील पक्ष्यांचे मूळ दप्तर इंग्लंडात जमा झाले. याचा परिणाम किती दूरवर गेला, ते खानदेशातील रानपिंगळ्याच्या प्रकरणात दिसते. डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने संग्रहालयातून लांबवला आणि १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्या चिठ्ठीने शोध भलतीकडे गेला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून ही लबाडी उघड केली, आणि खऱ्या जागी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा सापडला. शंभरावर वर्षे खात्रीने न दिसलेला पक्षी मिळाला, आणि त्याची वाट संग्रहालयाच्या कपाटातून गेली.

मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हा अभ्यास देशी मातीत रुजवला. तरी अभ्यासाची रीत बदलली ती अलिबागजवळच्या किहीमला. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात तेथील सुगरणींची एक वसाहत आडोशाला बसून न्याहाळली. घरटे विणते ती मादी, ही समजूत नावातच बसलेली. प्रत्यक्षात नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर ताबा घेते. मग नर घरटे पुरे करतो आणि शेजारी दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीला लागतो. एक जागा, एक हंगाम, एक प्रश्न आणि भरपूर चिकाटी, एवढ्या भांडवलावर हा निष्कर्ष निघाला. पुढे १९४१ चे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आणि डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेले दहा खंडांचे संदर्भकार्य (१९६८–७४) यांनी सलीम अलींचे नाव घरोघरी नेले. अनुकरण मात्र पुस्तकाचे झाले, किहीमचे कमी. ओळखण्याची पुस्तके वाढली. एकाच पक्ष्यामागे वर्षानुवर्षे बसणारे अभ्यासक विरळाच राहिले.

मराठीत या शास्त्राला भाषा मिळाली ती मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्याकडून. वनाधिकारी म्हणून रानात हिंडताना त्यांनी आदिवासी आणि पारधी यांच्या तोंडची नावे जमवली. ‘पक्षीकोश’ हा त्या साठ्याचा ग्रंथ. ‘मृगपक्षिशास्त्र’ या हंसदेवाच्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादातही त्यांचा वाटा आहे. साइक्सच्या काळात न लिहिले गेलेले पारध्यांचे ज्ञान येथे थोडेफार कागदावर आले. पण त्यांच्या मागून आलेल्या मराठी पक्षिलेखनाने त्यांची लय उचलली, नोंदवही उचलली नाही. वर्णन रसाळ असते. तारीख, वेळ आणि संख्या शोधावी लागते.

माळाचा खरा शास्त्रीय अभ्यास शेजारच्या सोलापुरात झाला. बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले, १९७९ मध्ये अभयारण्य झाले आणि पुढच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी त्या पक्ष्याचे प्रजनन, आहार, वावर यांचा माग ठेवला. अभयारण्य कागदावर ८,००० चौरस किलोमीटरांहून मोठे होते, त्यात शेते आणि गावेही आली; लोकांचा राग पक्ष्यावर निघाला आणि पुढे क्षेत्र कमी करावे लागले. आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. अभ्यास चांगला झाला, पक्षी हातचा गेला.

दरम्यान पक्षिनिरीक्षकांची गर्दी माळ सोडून पाण्याकडे वळली. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. ११७ टीएमसीच्या या जलाशयाचे फुगवट्याचे पाणी भिगवण, डिकसळ, कुंभारगावापर्यंत पसरते. पाणी ओसरू लागले की गाळ उघडा पडतो आणि रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, चित्रबलाक यांना चारा मिळतो. कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होड्या आता छायाचित्रकारांना घेऊन जातात. त्यांतले काही नावाडी पाहुण्यांपेक्षा पक्षी अधिक अचूक ओळखतात. रोहिताचे फोटो हजारोंनी आहेत. गाळात तो नेमके काय खातो, पुण्याच्या मुळा-मुठेतून येणाऱ्या सांडपाण्याचा त्या खाद्यावर काय परिणाम होतो, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित आहेत.

माळाकडे लक्ष परत नेले ते सामान्य निरीक्षकांच्या आकड्यांनी. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. गवताळ आणि उघड्या माळरानांचे खास पक्षी घटत असल्याचे त्यातून दिसते. या नोंदींची मर्यादाही उघड आहे. निरीक्षक रविवारी भिगवणला जातो, उसाच्या फडात जात नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) अवघे पाच चौरस किलोमीटरांचे. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आणि लांडगे पाहायला लोक जातात; धाविक, पखुर्डी, चंडोल हे पुष्कळदा त्यांच्या सोबतीने पाहिले जातात.

अभ्यासाची सर्वांत मोठी रिकामी जागा वालचंदनगरच्या भोवती आहे. १९३० च्या दशकात नीरेकाठच्या कळंब परिसरात साखर कारखाना आणि वसाहत उभी राहिली, कालव्याच्या पाण्यावर माळाचा ऊस झाला. माळाचे पक्षी हटले असणार आणि पाटाच्या व सावलीच्या पक्ष्यांना जागा मिळाली असणार; पण किती आणि कोणत्या क्रमाने, याचे उत्तर साइक्सची यादी आणि आजची मोजणी शेजारी ठेवल्याशिवाय मिळणार नाही. तोडणीच्या वेळी फडातून उठणाऱ्या किड्यांवर बगळे तुटून पडतात. विहिरींवर वाकलेल्या बाभळींना सुगरणीची घरटी लटकतात, आणि उसाच्या पात्याचे सोललेले तंतू घरट्याला चालतात. किहीमच्या त्या नोंदींसारख्या नोंदी करायला नीरेकाठच्या एखाद्या विहिरीवर एक पावसाळा पुरे.