कवचातला तापमापक : एमिलियानींच्या निबंधाचे गुणदोष

चेझारे एमिलियानी यांचा ‘प्लायस्टोसीन टेम्परेचर्स’ हा निबंध १९५५ साली ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रतळाच्या गाळातील सूक्ष्म कवचांवरून हिमयुगांचा इतिहास सलग वाचण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. लोकप्रिय लेखनात त्याचे सार एका वाक्यात येते : ‘कवचे म्हणजे प्राचीन समुद्राचे तापमापक.’ हे वाक्य आम्हाला अपुरे वाटते. ते का, हे मूळ निबंध तपासला की कळते.

आधी तत्त्व पाहू. फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव. त्यांच्या काही जाती समुद्राच्या वरच्या थरात तरंगतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचे कवच बनवतात. जीव मेला की कवच तळाच्या गाळात साठते. निसर्गातील ऑक्सिजनच्या दर पाचशे अणूंत सुमारे एक अणू जड, म्हणजे ऑक्सिजन-१८ असतो. पाणी जितके थंड, तितका कवचात या जड अणूंचा वाटा जास्त. हे मोजून जुने तापमान काढता येईल, ही कल्पना हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली मांडली. एक अंश सेल्सियसच्या फरकाने हा वाटा हजारात सुमारे ०.२२ भागांनी बदलतो.

एमिलियानींनी एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणांचे गाळाचे स्तंभ घेतले, कवचांचे थरवार मापन केले, आणि चढउतारांचा क्रम सर्वत्र जुळतो हे दाखवले. उबदार टप्प्यांना विषम व थंड टप्प्यांना सम क्रमांक देण्याची त्यांची पद्धत आजही वापरात आहे. निबंधाचे हे बळ निर्विवाद आहे.

अडचण वेगळीच आहे. समुद्राच्या पाण्याचे घटकही बदलतात. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन-१६ अधिक सहज निघून जातो. त्या बाष्पाचे हिम होऊन जमिनीवर साचत गेले, की मागे उरलेल्या समुद्रात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण वाढते. म्हणजे थंडी आणि बर्फ, दोन्हींमुळे कवचातला आकडा एकाच दिशेने सरकतो. समीकरण एक, अज्ञात राशी दोन! एमिलियानींना हे ठाऊक होते. त्यांनी बर्फापोटी हजारात सुमारे ०.४ भाग वजा केले आणि उष्ण कटिबंधातील समुद्र हिमयुगात सुमारे ६ अंशांनी थंड झाला, असा निष्कर्ष काढला.

निकोलस शॅकलटन यांनी १९६७ साली ‘नेचर’मध्ये याला आव्हान दिले. त्यांनी तळाशी राहणाऱ्या जातींची कवचे पाहिली. खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे, ते आणखी फारसे थंड होऊ शकत नाही. तरीही त्या कवचांत जवळपास तेवढाच बदल दिसला. म्हणजे बदलाचा मोठा हिस्सा बर्फाचा होता. आज हा हिस्सा हजारात सुमारे १ मानतात.

याने उत्तर किती बदलते? समजा, कवचातला एकूण फरक हजारात १.७ आहे. ०.४ वजा केल्यास उरलेल्या १.३ चे सुमारे ६ अंश होतात. १ वजा केल्यास उरलेल्या ०.७ चे जेमतेम ३.

आमच्या मते दोष मापनात नव्हता. मोजले होते गुणोत्तर, शीर्षकात आले तापमान. आणि मधले गृहीत वाचकाच्या नजरेआड झाले. गंमत अशी, की आलेख बर्फाचा ठरल्याने त्याचे मोल वाढलेच. समुद्राचे पाणी हजारेक वर्षांत ढवळून एक होते, म्हणून बर्फाची खूण सर्व महासागरांत एकाच वेळी उमटते. त्या आधारावरच १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी हिमयुगांचा संबंध पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी जोडून दाखवला.

दुसरे समीकरणही आता हाती आहे. कवचातील मॅग्नेशियमचे कॅल्शियमशी असलेले प्रमाण दर अंशाला सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पण तळावर कवच विरघळू लागले की मॅग्नेशियम आधी जाते, आणि समुद्र प्रत्यक्षाहून थंड भासतो. आपल्या बंगालच्या उपसागरात तर गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी ऑक्सिजन-१८ चा वाटा कमी करते. तिथे नुसत्या ऑक्सिजनवरून वाचल्यास, पावसाने भरलेल्या नद्यांचा काळ उबदार समुद्राचा वाटेल.

म्हणून शिक्षकांनी ‘तापमापक’ हा शब्द सांगून थांबू नये. वरचा भागाकार मुलांकडून दोनदा करून घ्यावा, आणि यात मोजलेले काय व मानलेले काय, हे त्यांनाच फळ्यावर दोन रकान्यांत लिहू द्यावे.