‘बिऱ्हाड’, ‘शेजार’ आणि चौरस फूट

दाट वस्तीच्या नगरातील जीवन सुधारावयाचे म्हणजे नेमके काय वाढवावयाचे, हा प्रश्न स्थापत्याइतकाच भाषेचाही आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाचे उत्तर हवा व प्रकाश हे होते. आजचे उत्तर चौरस फुटांत दिले जाते. वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पहिल्या ५५६ सदनिकांच्या किल्ल्या रहिवाशांना देण्यात आल्या. घरातल्या घरात शौचालय मिळणे ही सुधारणा कोणीही क्षुल्लक मानू नये.

तथापि ‘सदनिका’ हा शब्द बांधकामाचा आहे, तर ‘बिऱ्हाड’ हा माणसांचा. बिऱ्हाड जागेसह संसाराचाही बोध करून देते. ते ‘थाटले’ जाते, ‘हलविले’ जाते. तद्वतच ‘शेजारी’ ही व्यक्ती होय, परंतु ‘शेजार’ हा संबंध होय. तो ‘लाभतो’, विकत घेता येत नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाचा नायक, या अर्थाने, शेजारच आहे. ‘एक चिंतन’ या अखेरच्या प्रकरणात विनोद ओसरून जी हुरहुर उरते, ती त्याच्याच लोपाची. मात्र ही दृष्टी पांढरपेशा वर्गाची आहे. तीत गैरसोय विनोदाचे द्रव्य होते आणि ती निस्तरणाऱ्यांचे श्रम बहुधा मोजले जात नाहीत. जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ (१९६३) या कादंबरीतील झोपडपट्टीत माणसे याहूनही जवळ आहेत. पण त्या जवळिकीला निश्चित निवाऱ्याचा आधार नाही. दोन्ही कृती एकत्र वाचल्या असता असे दिसते की, केवळ दाटीने शेजार निर्माण होत नाही. हलवावे न लागणारे छप्पर आणि सहज गाठ पडेल अशी सामाईक जागा, ही दोन्ही त्यास लागतात.

नव्या मनोऱ्यांनी यांतील पहिली गोष्ट दिली. दुसरीची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. सेलूसारख्या गावांतून मुंबई-पुण्यास बिऱ्हाड हलविणाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही. चाळीच्या ‘गॅलरी’ला रहिवाशांच्या बोलीत स्थान होते. उद्वाहनापुढील मोकळ्या जागेस ते कोणते नाव देतात, किंबहुना नाव देतात की नाही, याची नोंद अभ्यासकांनी आताच करणे अगत्याचे आहे.