मंडप आणि रस्ता

पुरुषाने रंगमंचावर लुगडे नेसावे, हे महाराष्ट्राला नवे नाही. नवल आहे ते निराळेच. ज्या वेषाला मंडपात टाळ्या पडतात, तोच वेष रस्त्यावर आला की त्याला शिव्या पडतात. आनंद यादव यांची 'नटरंग' ही कादंबरी (१९८०) आणि तिच्यावरून रवी जाधव यांनी काढलेला चित्रपट (२०१०), या दोहोंचा खरा विषय मंडप आणि रस्ता यांमधले हे अंतर आहे, असे मला वाटते.

खानदेशाला ते अंतर अपरिचित नाही. बालगंधर्वांचे बालपणीचे काही दिवस जळगावात गेले. तेथे मेहबूबखाँकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे त्यांची नेसण्याची ढब घरंदाज स्त्रियांनी उचलली. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला असले भाग्य कोठले? देवपूरच्या माणसाला यात्रेतला नाच्या आठवतो. त्याचे नाव सहसा आठवत नाही.

'नटरंग'मधला गुणा हा पिळदार देहाचा शेतमजूर. फडाला नाच्या मिळेना, म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. कलेसाठी तो देह बदलतो, चाल बदलतो. लोक मात्र त्याचे माणूसपणच हिरावून घेतात. घर तुटते, देहावर अत्याचार होतो. अतुल कुलकर्णी यांनी ही परवड संयमाने उभी केली आहे. दोष आहे तो शेवटात. वृद्ध गुणाला सन्मान मिळतो आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. पण ज्याला कधीच सन्मान मिळाला नाही, त्या नाच्याची विटंबना मग क्षम्य ठरते काय?

आपण ख्रिस्ती वाचक येथे अनुवादाच्या २२व्या अध्यायातील निषेधाकडे बोट दाखवू. तो निषेध आहेच. परंतु गरजेपोटी केलेल्या अशा वेषात पाप नसू शकते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी मांडले आहे. जोन ऑफ आर्कवरील आरोपांत तिचा पुरुषवेष ठळक होता. १४३१ मध्ये तिला जाळण्यात आले. १४५६ मध्ये तो निवाडा रद्द झाला. १९२० मध्ये ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून गौरविले. गुणा संत नव्हे, आणि दोघांचे वेष एकाच कारणाचे नव्हेत. तरी वस्त्र पाहून माणसाचा निवाडा करण्याची घाई दोन्हीकडे एकच आहे.

नाताळच्या नाटिकेत एखाद्या मुलाने लुगडे नेसले की आपण कौतुकाने हसतो. तोच मुलगा त्याच लुगड्यात मंडपातून घरापर्यंत चालत निघाला, तर त्याच्या सोबत आपल्यापैकी कितीजण चालतील? 'नटरंग' वाचून मिटताना हा प्रश्न मनात उरला, तर वाचन सार्थकी लागले.