मुक्त जग आणि वेशीबाहेरची माणसे

व्हिडिओ गेम हा विषय या पानांवर आलेला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. चळवळीपुढे भाकरीचे, शिक्षणाचे, अत्याचाराचे प्रश्न उभे असताना पोरांच्या खेळाची समीक्षा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण तमाशाही एकेकाळी असाच हलका मानला गेला होता. सत्यशोधक जलशाने आणि पुढे आंबेडकरी जलशाने त्याच तमाशाचा साचा उचलला, आशय बदलला आणि तो गावोगाव नेला. माणसांच्या मनावर ज्याची सत्ता चालते, त्याची चिकित्सा केलीच पाहिजे, मग ते माध्यम प्रतिष्ठित असो वा नसो. मी जुहूजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातील मुले कादंबरीत जेवढा वेळ घालवतात, त्याच्या कितीतरी पट वेळ या पडद्यावरच्या जगात घालवतात. त्या जगात माणसामाणसांतले नाते कसे रचलेले आहे, हे विचारणे शिक्षकाचे कामच आहे.

मी निवडलेला खेळ म्हणजे 'स्कायरिम'. बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. जगभर त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले आहे. जुहूच्या नेहरूनगरातील एका विद्यार्थ्याच्या पोटमाळ्यावर जुना संगणक आहे. सुट्टीत त्याच्याबरोबर बसून मी हा खेळ सुमारे नव्वद तास खेळलो.

या जातीच्या खेळांना 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मुक्त जग, म्हणतात. इतर खेळांत वाट आखून दिलेली असते. इथे समोर डोंगर दिसला तर तो चढता येतो, दार दिसले तर उघडता येते, मुख्य कथा बाजूला टाकून महिनोन्‌महिने भटकता येते. बर्फाळ कडे, नद्या, रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे, हे सारे विलोभनीय आहे, हे कबूल केलेच पाहिजे. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाऊल ठेवता आले नाही, त्यांच्या नातवाला कुठेही जाता येण्याची ही ओढ का वाटते, हे समजायला सौंदर्यशास्त्राचे ग्रंथ लागत नाहीत. अडवलेल्या माणसालाच मोकळ्या वाटेची किंमत कळते.

म्हणूनच प्रश्न विचारावा लागतो, की हे मुक्त जग मुक्त आहे तरी कोणाला?

खेळाची सुरुवात मोठी अर्थपूर्ण आहे. हात बांधलेले कैदी गाडीतून हेल्गेन नावाच्या गावी शिरच्छेदासाठी नेले जात आहेत. त्यांतला एक कैदी म्हणजे आपण. अधिकारी यादी वाचतो. आपले नाव यादीत नसते, तेव्हा तो विचारतो, तू कोण? या क्षणी पडद्यावर दहा वंशांची निवड येते आणि खेळणारा त्यांतला एक निवडतो. यादीत नाव नसूनही त्याला ओंडक्यावर मान ठेवायला पाठवतात. तेवढ्यात ड्रॅगन येतो, धावपळ होते आणि नायक निसटतो.

'तू कोण?' हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. आपल्याकडे आडनाव विचारून, गाव विचारून, गावातली आळी विचारून तो विचारला जातो. फरक इतकाच, की इथे जन्म निवडता येतो. हवे तर नॉर्ड व्हा, हवे तर एल्फ व्हा, हवे तर मांजरमुखी खाजीत किंवा पालीसारखे अर्गोनियन व्हा. जन्माची यादी पुढ्यात ठेवून 'यातले काय हवे?' असे विचारणारा विधाता आपल्याला कधी भेटला नाही.

आता या जगाची रचना पाहू. देश नॉर्डांचा. विंडहेल्म हे त्यांचे जुने शहर. तिथे डनमर, म्हणजे काळे एल्फ, निर्वासित म्हणून आलेले आहेत. ते भिंतीच्या आत राहतात, पण 'ग्रे क्वार्टर' नावाच्या कोंदट वस्तीत. शहरात पाऊल ठेवताच दोन नॉर्ड एका डनमर स्त्रीला दरडावत असल्याचे दृश्य दिसते. अर्गोनियनांना तर भिंतीच्या आत राहण्याचीच बंदी आहे. ते गोदीत माल उचलतात, नॉर्ड मजुरापेक्षा फार कमी मजुरी घेतात आणि गोदीवरच झोपतात. खाजितांचे तीन तांडे या शहरातून त्या शहराकडे व्यापार करत फिरतात, पण त्यांना कोणत्याच शहराची वेस ओलांडता येत नाही. ते वेशीबाहेर पाल ठोकतात. कारण काय? तर ते चोर असतात, असा लोकांचा समज.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटले. त्या संज्ञेचे याहून बोलके चित्र या माध्यमात मी तरी पाहिलेले नाही. ज्या डनमरांना विंडहेल्ममध्ये ठोकरले जाते, त्यांच्याच पूर्वजांनी अर्गोनियनांना गुलाम म्हणून राबवले होते, असा या जगाचा इतिहास आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणाचा तरी पाय आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणाचे तरी डोके. लेखकांनी ही उतरंड पाहिली, मांडली, तिच्यावर पांघरूण घातले नाही. या प्रामाणिकपणाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण पुढे काय होते, ते तपासले की हा प्रामाणिकपणा अपुरा पडतो. माझ्या मते तो तीन ठिकाणी अपुरा पडतो.

पहिली गोष्ट वंशाच्या गुणांची. निवड करताना प्रत्येक वंशाला काही कौशल्यांत जन्मजात भर मिळते. खाजीत आणि अर्गोनियन या दोघांनाही मिळणाऱ्या भरीत कुलूप उघडणे आणि खिसा कापणे ही कौशल्ये आहेत. (ही भर आणखी एका वंशाला, वन-एल्फांना, आहे, पण त्यांना भिंतीआड राहायला कोणी हरकत घेत नाही.) म्हणजे कथेत 'खाजीत चोर असतात' हा पूर्वग्रह म्हणून येतो, आणि आकड्यांत तोच पूर्वग्रह वस्तुस्थिती म्हणून बसवलेला असतो. कथा ज्याला अन्याय म्हणते, त्याला नियम सत्य ठरवतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तेव्हा नेमके हेच केले होते. जन्मालाच गुन्हा चिकटवला, पोरांसकट जमातींची नोंदणी केली आणि मग म्हणाले, पाहा, हे नोंदलेले गुन्हेगार आहेत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पालावर रात्री पडणारी पोलिसांची धाड थांबली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे, त्यांना वेशीबाहेरचा खाजितांचा तांडा ओळखीचा वाटेल.

दुसरी गोष्ट नायकाची. मी मुद्दाम अर्गोनियन झालो आणि विंडहेल्मला गेलो. दार उघडले, आत गेलो, सरायत झोपलो. पुढे त्या शहरात घर विकत घेता येते आणि सरदाराकडून मानाचे पदही मिळते. पहारेकरी फार तर एखादा टोमणा मारतो. माझे जातभाई मात्र खाली गोदीवर थंडीत कुडकुडत होते. माझ्यासाठी बंदी उठली, कारण मी नायक आहे, ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला, भाकितात सांगितलेला. जन्माच्या एका अन्यायातून सुटायला जन्माचेच दुसरे वरदान लागले! ज्याला हे वरदान नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर खेळ देत नाही.

तिसरी गोष्ट लढ्याची. गोदीवरच्या मजुरांची मजुरी वाढवण्याचे एक छोटे काम खेळात आहे. नायक मालकाकडे जातो, बोलतो आणि मालक तयार होतो. मजूर स्वतः मालकापुढे जात नाहीत. संघटना नाही, संप नाही, सभा नाही. यादवीत राज्य पालटले तर नवा सरदार बरे वागण्याची भाषा करतो, तरी गोदीवरची वस्ती गोदीवरच राहते. ड्रॅगन मारता येतात, राजे बदलता येतात, मृतांच्या लोकात जाऊन परत येता येते. अर्गोनियनांवरची ती बंदी उठवण्याचे काम मात्र नायकाला कुठेही नेमून दिलेले नाही. कल्पनेच्या राज्यात सारे शक्य आहे, एवढे एक सोडून.

इथे महाडची आठवण काढणे भाग आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे १९२४ साली जाहीर केले. कागदावर तळे 'ओपन' झाले होते. पण २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे बाबासाहेबांबरोबर चालत जाऊन ओंजळभर पाणी पिईपर्यंत ते कोणाचेच झाले नव्हते. बाबासाहेब एकटे मोठे बॅरिस्टर होते, त्यांना एखाद्याने घरी बोलावून पाणी दिलेही असते. तो सत्याग्रह झाला नसता, फार तर पाहुणचार झाला असता. एकाला वाट मोकळी होणे आणि वाट मोकळी होणे यांत जे अंतर आहे, तेवढेच अंतर 'स्कायरिम' आणि मुक्ती यांत आहे.

हे अंतर ओळखायला मुलांना फार वेळ लागला नाही. जुहूच्या बंगल्यांच्या आणि उंच इमारतींच्या फाटकांवर वॉचमनच्या वहीत नाव, वेळ आणि 'कोणाकडे' हे लिहून त्यांच्यातले कित्येक रोज आत जातात. कोणाची आई तिथे भांडी घासते, कोणी पार्सल पोचवतो. काही ठिकाणी त्यांची लिफ्टही वेगळी. किनारा सर्वांचा, फाटक मोजक्यांचे. आमच्यातला एकजण म्हणाला, "सर, आपल्यातला एक साहेब झाला की सोसायटीवाले त्याला दाखवून म्हणतात, बघा, आम्ही कुठे जात मानतो?" मला वाटते, या खेळावरची यापेक्षा चांगली टीका मला लिहिता येणार नाही.

हा केवळ परदेशी खेळाचा दोष असता तर विषय इथेच संपवला असता. पण आता आपल्याकडेही अशी जगे उभी राहू लागली आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. तो मुक्त जगाचा नाही, त्यातली वाट ठरलेली आहे. त्याची नायिका कसरतीचे खेळ करणारी फिरस्ती मुलगी आहे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. डोंबाऱ्याच्या दोरीवरचा तोल पाहिलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटते. पण तिला शस्त्र मिळते देवतेच्या कृपेने आणि तिचे शत्रू असतात असुर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त पुराणातल्या या असुरांचे खरे रूप विचारले होते. दीडशे वर्षांनंतरही तो प्रश्न संगणकापर्यंत पोचलेला नाही. २०२५ साली 'द एज ऑफ भारत' या मोठ्या खेळाची घोषणा झाली. त्यामागे जुहूचेच रहिवासी अमिताभ बच्चन, पौराणिक कादंबऱ्यांचे लेखक अमीश त्रिपाठी आणि नूरेदीन अबूद आहेत. घोषणेवरून समीक्षा करता येत नाही आणि मी ती करणार नाही. पण एक प्रश्न आजच विचारून ठेवतो. प्राचीन भारताचा नकाशा आखताना गावकूस आखले जाईल काय? आखले तर त्याच्या बाहेर कोण असेल? आणि त्या बाहेरच्या माणसाला स्वतःचा आवाज असेल, की नायकाच्या दयेची वाट पाहत तो तिथेच बसेल?

'स्कायरिम'चे निर्माते फेब्रुवारी २०१२ पासून खेळ बदलण्याची हत्यारे खेळणाऱ्यांच्या हाती देत आले आहेत. त्यांनी नवी घरे, नवी माणसे, नव्या कथा जोडता येतात. एके काळी छापखान्याचे दार बंद होते, तेव्हा आपल्या पिढ्यांनी सायक्लोस्टाईलवर नियतकालिके काढली. प्रस्थापितांच्या साहित्यात आपली माणसे नाहीत म्हणून कोणी लेखणी खाली ठेवली नाही. आज आपली मुले संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांना सांगितले पाहिजे, की परीक्षा द्या, नोकऱ्या मिळवा आणि एक जगही रचा. त्या जगात निवडलेला एकटा वीर नसेल तरी चालेल. गोदीवरचे अर्गोनियन आणि पालावरचे खाजीत एका सकाळी मिळून उठतील, वेशीपर्यंत चालत जातील आणि दरवाजा सगळ्यांसाठी उघडेल. असा खेळ कोणी रचला, तर त्यालाच आपण मुक्त जग म्हणू.