कळ आणि मूषक

पेणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गणेशमूर्तीच्या पायाशीं मूषक असतो. तेथून फार दूर नसलेल्या, कुंडलिकेच्या कांठच्या अष्टमींत संगणकापुढें बसलेला विद्यार्थी हातांतील साधनास मात्र 'माउस' म्हणतो. भाषाभिमानी मंडळी येथें 'मूषक' हा शब्द सुचवितात. आम्हांस ती सूचना मान्य नाहीं. तिचीं कारणें थोडक्यांत देतों.

प्रथम 'कळ' हा शब्द घेऊं. इंग्रजी 'की' म्हणजे किल्ली. वाद्यांच्या पट्ट्यांस तें नांव पडलें व पुढें तें टंकयंत्राकडे आलें. मराठीनें त्याचें शब्दशः भाषांतर केलें नाहीं. जी दाबली असतां यंत्र चालतें ती कळ, हा घरोघरचा शब्द उचलून तिनें 'कळफलक' बनविला. 'टंकलेखन' शब्दांतील टंकही टांकसाळींतला. अक्षर ठोकून उमटविण्याची क्रिया त्यांत नेमकी आली आहे.

इंग्रजी नांवेंही अशींच कामाच्या जागीं जन्मलीं. १८७८ च्या रेमिंग्टन यंत्रांत 'शिफ्ट' कळ दाबली कीं कागदाचा रूळ खरोखरच सरके व मोठें अक्षर उमटे. आज कांहींच सरकत नाहीं. नांव तेवढें राहिलें. 'माउस'ची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगेलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश ह्यांनीं दोन चाकांची एक लांकडी डबी केली. तिची तार शेपटीसारखी दिसे, म्हणून कोणीतरी तिला 'माउस' म्हटलें. कोणीं म्हटलें, हें पुढें खुद्द एंगेलबार्टांसही आठवेना. १९७० च्या पेटंटांत तिला 'क्ष-य स्थितिदर्शक' अशा अर्थाचें भारदस्त नांव आहे. तें लोकांच्या तोंडीं बसलें नाहीं.

'मूषक' शब्दाचा दोष हाच आहे. मूळ शब्द थट्टेंतून निघाला. त्याचें संस्कृतांत भाषांतर करतांना थट्टा गळाली आणि भारदस्तपणा तेवढा उरला. त्यापेक्षां 'माउस' उसना घेणें प्रामाणिकपणाचें.

खरी चिंता निराळीच आहे. 'कळफलक' हा चोख शब्द हाताशीं असतां 'कीबोर्ड' म्हणणारीं मुलें आमच्याच वर्गांतून बाहेर पडतात, आणि आम्ही अध्यापकही 'टंकलेखन' फळ्यावर लिहून बाहेर आल्याबरोबर 'टायपिंग' म्हणतों. उसन्या शब्दानें भाषा दरिद्री होत नाहीं. घरांतला शब्द टाकल्यानें होते. ह्या दोषाचें माप प्रथम आमच्या पदरीं घालून मगच विद्यार्थ्यांस बोल लावावा.